इनारी : पाहुण्याने कुठवर यावे

फिनलंड देशाच्या उत्तर टोकाला इनारी नावाचा मुलूख आहे. तिथल्या पद्धतीप्रमाणे ती एक नगरपालिका, पण आकाराने आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याएवढी, म्हणजे सुमारे १७,३०० चौरस किलोमीटर. अहिल्यानगर जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ४५ लाख माणसे मोजली गेली होती. इनारीत सगळी मिळून सात हजारांच्या आसपास. बाकी सारे जंगल, दलदल, बोडके डोंगरमाथे आणि पाणी. एकट्या इनारी सरोवरात तीन हजारांवर बेटे आहेत. डिसेंबरच्या सुरुवातीला तिथे सूर्य मावळतो तो जानेवारीचा दुसरा आठवडा येईपर्यंत उगवतच नाही, आणि उन्हाळ्यात दोन महिने तो मावळत नाही. या मुलखातले मूळचे लोक म्हणजे सामी.

सामींचा प्रदेश आज नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया अशा चार देशांत वाटला गेला आहे. चारही देशांत मिळून ते ८० हजार ते एक लाख असावेत, फिनलंडमध्ये दहा हजारांच्या आसपास. भूगोलाच्या जुन्या पुस्तकांत त्यांना 'लॅप' म्हटलेले आढळेल. हे नाव त्यांनी स्वतःला दिलेले नाही. ते दुसऱ्यांनी ठेवले आणि हिणवण्यासाठीही वापरले. ते स्वतःला सामी म्हणवतात आणि इतरांनीही तसेच म्हणावे असा त्यांचा आग्रह आहे. दुसऱ्याने ठेवलेले नाव पिढ्यान्‌पिढ्या सोसणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

आम्ही तिथे गेलो ते सप्टेंबरच्या उत्तरार्धात. आम्ही म्हणजे पाच जण. कारखान्यातून निवृत्त झालेली दोन जोडपी आणि हेलसिंकीत नोकरीला असलेला आमच्यातल्या एकांचा मुलगा. "एवढा पैसा घालून थंडी बघायला कशाला जाता?" असे वस्तीतल्या बऱ्याच जणांनी विचारले. थंडी हे काही आमचे आकर्षण नव्हते. इनारी गावातल्या 'सीदा' या सामींच्या संग्रहालयाला २०२४ साली युरोपातील सर्वोत्तम संग्रहालयाचा पुरस्कार मिळाला, ही बातमी मुलाने फोनवर सांगितली होती. पॅरिस नाही, लंडन नाही, एका खेड्यातले संग्रहालय! मूठभर लोकांच्या समाजाने हे कसे उभे केले, ते आम्हाला डोळ्यांनी पाहायचे होते.

हेलसिंकीहून रात्रीची गाडी धरली की सकाळी रोव्हानिएमी येते. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, माघार घेणाऱ्या जर्मन फौजेने हे शहर जाळून टाकले. नंतर अल्वार आल्टो या नामवंत वास्तुकाराने त्याची नवी आखणी रेनडियरच्या शिंगांच्या आकारात केली, असे सांगतात. रस्त्यावरून चालताना शिंगे काही दिसत नाहीत, नकाशातच दिसतात. शहराच्या उत्तरेला आठ किलोमीटरवर उत्तर ध्रुववृत्ताची रेषा जाते आणि त्या रेषेवर सांताक्लॉजचे गाव वसवलेले आहे. वसवलेले हा शब्द आम्ही जाणून वापरतो. अमेरिकेच्या एलिनॉर रूझवेल्ट १९५० साली आल्या तेव्हा त्यांच्यासाठी इथे एक लाकडी खोपटे उभारले गेले. फिनलंडच्या रेडिओवर सांताक्लॉज उत्तरेतल्या एका डोंगरात राहतो असे सांगितले गेले, ते १९२७ साली. गाव म्हणून हे ठिकाण उघडले १९८५ साली. लहान मुले खूश होतात, दुकाने चालतात, त्याला आमची हरकत नाही. नाताळचा म्हातारा कुणाच्या मालकीचा नाही.

पण त्या म्हाताऱ्याच्या आडोशाने आणखी एक गोष्ट विकली जात होती, ती मात्र कुणाच्या तरी मालकीची होती. सामींचा पारंपरिक पोशाख आहे, उत्तर सामी भाषेत त्याला 'गाक्ती' म्हणतात. निळे किंवा लाल कापड, त्यावर रंगीत फितींची पट्टी, कमरेला विणलेला पट्टा. पाहणाऱ्याला ती नुसती सजावट वाटते. जाणणाऱ्याला मात्र त्या फितींच्या ठेवणीवरून समोरचा माणूस कोणत्या भागातला, कोणत्या घराण्यातला हे कळते. आई मुलीला शिवून देते, आजी नातीला शिकवते. रोव्हानिएमी हे शहर सामींच्या कायद्याने ठरलेल्या प्रदेशात येतही नाही. तरीही तिथे वर्षानुवर्षे सामी नसलेल्या वाटाड्यांना स्वस्त कापडाचे नकली गाक्ती घालून पर्यटकांपुढे उभे केले गेले. 'लॅप दीक्षा' नावाचा एक बनावट विधी रचला गेला. पाहुण्याच्या कपाळाला काजळी फासायची, तोंडाने काहीबाही पुटपुटायचे आणि प्रमाणपत्र हातात द्यायचे! असा विधी सामींच्या परंपरेत कुठेही नाही. २००८ साली सामी तरुणांनी याच शहरात मोर्चा काढला आणि आमच्या कपड्यांची विटंबना थांबवा असे सांगितले. त्यानंतर बऱ्याच व्यावसायिकांनी तो प्रकार बंद केला. सगळ्यांनी नाही. एका दुकानात आम्हाला सामींच्या चार टोकांच्या टोपीची नक्कल दिसली, आतून नायलॉनची.

त्याच दुकानात लाकडी पेले होते. बर्च झाडाच्या खोडावर येणाऱ्या गाठीतून सामी कारागीर असा पेला कोरतो, त्याला दिवसच्या दिवस लागतात. दुकानातला पेला उलटा करून आमच्यातल्या बाईंनी तळ पाहिला. भांड्याचा तळ पाहायची सवय आपल्या बायकांना असतेच. तळाच्या चिकटपट्टीवर भलत्याच देशाचे नाव होते. खऱ्या कारागिरांनी यावर उपाय म्हणून १९८२ पासून 'सामी दुओद्यी' म्हणजे सामी हस्तकला अशी खूण वापरायला सुरुवात केली आहे. ती खूण असलेली वस्तू महाग असते. आम्ही पाच जणांत मिळून एक छोटी चामड्याची पिशवी घेतली, तीही पुढे इनारीला गेल्यावर.

रोव्हानिएमीहून इनारी सव्वातीनशे किलोमीटर. बस पाचेक तास घेते. दोन्ही बाजूंना पाइन आणि बर्च, सप्टेंबरात बर्चची पाने हळदीसारखी पिवळी आणि जमिनीवरची झुडपे लालभडक झालेली. मधेच रेनडियर रस्त्यावर येऊन उभे राहतात आणि बस मुकाट्याने थांबते. चालक हॉर्न वाजवत नाही, कारण घाबरून ते रस्त्यानेच पुढे पळत सुटतात.

वाटेत वुओत्सो नावाचे गाव लागते. फिनलंडमधल्या सामी वस्तीचे हे दक्षिणेकडचे शेवटचे गाव. खिडकीतून पाहता पाहता निघून जाईल एवढे लहान. पण आम्ही इथे मुद्दाम लक्ष ठेवून होतो. या भागात विजेसाठी दोन प्रचंड जलाशय केले गेले, १९६७ साली लोक्का आणि १९७० साली पोर्तीपाहता. सामींची घरे, गवताची कुरणे, रेनडियरच्या चराईच्या जागा पाण्याखाली गेल्या. वीज दक्षिणेला गेली. धरणग्रस्त हा शब्द त्यांच्या भाषेत काय असेल कोण जाणे, अर्थ तोच असणार.

इनारी गाव म्हणजे एक रस्ता, दोन-तीन हॉटेले, एक किराणा दुकान, सरोवर आणि त्याच्या काठी सीदा. 'सीदा' या सामी शब्दाचा अर्थ एकत्र राहणाऱ्या, एकत्र मासेमारी, शिकार आणि चराई करणाऱ्या कुटुंबांचा समूह. युद्धात उत्तर फिनलंडमधली घरे जळाली तेव्हा सामींच्या जुन्या वस्तूही जळाल्या. उरलेसुरले गोळा करून ठेवले पाहिजे म्हणून सामींच्या संघटनेने १९५९ साली या संग्रहालयाची सुरुवात केली. जुनी लाकडी घरे उचलून आणली आणि मोकळ्या जागेत पुन्हा उभी केली. आजची मोठी इमारत १९९८ सालची, आणि नूतनीकरणानंतर २०२२ मध्ये नवे प्रदर्शन उघडले.

या संग्रहालयातली खरी गोष्ट परत आलेल्या वस्तूंची आहे. हेलसिंकीच्या राष्ट्रीय संग्रहालयाने पूर्वीच्या काळात सामींकडून वस्तू गोळा करून नेल्या होत्या. त्या परत द्यायचा करार २०१७ साली झाला आणि २०२१ साली २,२०० हून अधिक वस्तू इनारीला आल्या. पाळणे, चमचे, पट्टे, टोप्या, मासेमारीची अवजारे. वस्तूच नव्हे, माणसेही नेली होती. वंशाचा अभ्यास करायचा म्हणून सामींच्या कबरी उकरून कवट्या विद्यापीठात नेऊन मोजल्या गेल्या होत्या. त्यांतले काही अवशेष १९९५ साली इनारीला परत आणून पुन्हा पुरले गेले. आम्ही हे ऐकले आणि बराच वेळ कुणी काही बोलले नाही.

एका टोपीची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, विशेषतः भगिनींसाठी. सामी बायका पूर्वी एक उंच टोपी घालीत. तिच्या मागच्या बाजूला लाकडाचा बाक असे, शिंगासारखा. तिचे नाव 'लाद्योगाहपीर'. एकोणिसाव्या शतकात धर्मोपदेशकांना त्या बाकात सैतानाचे शिंग दिसले, असे सांगतात. टोपी डोक्यावरून उतरली आणि युरोपभरच्या संग्रहालयांत जाऊन पडली. अलीकडच्या वर्षांत आउती पिएस्की या सामी चित्रकर्तीने एका पुरातत्त्व अभ्यासक महिलेला बरोबर घेऊन त्या टोप्यांचा शोध घेतला, मापे घेतली आणि गावोगावी बायकांना एकत्र बसवून त्या पुन्हा शिवायला सुरुवात केली. आता समारंभांत काही बायका ती टोपी घालतात. ती टोपी दुकानात विकायला नाही. आमच्या बाईंनी चौकशी केली तेव्हा काउंटरवरच्या मुलीने हसून मान हलवली आणि म्हणाली, ती शिवायला शिकावी लागते आणि शिकायला आधी आमच्यात जन्मावे लागते.

इथे आमच्यात थोडा वाद झाला. आमच्यातले एक जण म्हणाले, "पोशाखाला एवढे कुंपण कशाला? आपली नऊवारी कुणी परदेशी बाई नेसली तर आपल्याला कौतुकच वाटते." मुलाने उत्तर दिले ते आम्हाला पटले. नऊवारी नेसणाऱ्या लाखो बाया आहेत, एका परदेशी बाईने ती पुसली जात नाही. दहा हजार लोकांचा पोशाख लाखो पर्यटकांनी गंमत म्हणून चढवला की खरा कोणता हे ओळखायलाच कुणी उरत नाही.

भाषेचेही तेच झाले होते. १९४७ च्या शिक्षण कायद्यानंतर लांबच्या वाड्यांवरची मुले वसतिगृहाच्या शाळांत ठेवली गेली. तिथे सगळे फिनिशमध्ये. आपसांत सामी बोलली तर शिक्षा. पुढे तीच मुले आईबाप झाली आणि आपल्या वाट्याला आले ते पोरांच्या वाट्याला नको म्हणून घरात फिनिश बोलू लागली. त्यांना दोष कोण देईल? इनारी सामी ही भाषा तर जगात फक्त याच भागात बोलली जाते. १९९० च्या दशकात ती बोलणारी लहान मुले बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. मग १९९७ साली न्यूझीलंडच्या माओरी लोकांकडून धडा घेऊन 'भाषेचे घरटे' सुरू झाले. बालवाडीच ती, पण तिथे पहिल्या दिवसापासून फक्त इनारी सामीच बोलायची. मधल्या पिढीचे काय, हा प्रश्न उरला. म्हणून २००९-१० मध्ये १७ प्रौढांनी वर्षभर अभ्यास करून भाषा शिकून घेतली. कुणी शिक्षक झाले, कुणी पत्रकार. म्हातारी माणसे त्यांच्याशी मुद्दाम बोलत बसत. आज ही भाषा बोलणारे चारशेच्या घरात आहेत आणि अमोक नावाचा एक गायक तिच्यात रॅप गाणी म्हणतो. आम्हाला रॅप फारसे कळत नाही, पण ज्या भाषेत भांडता येते आणि गाता येते ती भाषा जिवंत, एवढे कळते.

पर्यटनाशी याचा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध पोटाचा आहे. ती मुले मोठी झाल्यावर इनारीत राहिली तर भाषा राहणार. फिनलंडमधले साठ टक्क्यांहून अधिक सामी आज आपल्या मुलखाबाहेर, हेलसिंकी वगैरे शहरांत राहतात, कारण नोकरी तिकडे आहे. रेनडियर पाळणे हा जुना व्यवसाय, पण तेवढ्यावर घर चालवणे अवघड झाले आहे. थंडीत जनावर बर्फ उकरून खालचे शैवाक, म्हणजे दगडफुलासारखी वनस्पती, खाते. ती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढते. आता हवा बदलली आहे. फिनलंडच्याच हवामान संस्थेने २०२२ साली दाखवून दिले की १९७९ पासून ध्रुवीय प्रदेश बाकी जगाच्या जवळपास चौपट वेगाने तापला. भर थंडीत पाऊस पडतो, मग तो गोठून जमिनीवर बर्फाची लादी होते आणि खालचा चारा कुलूपबंद होतो. २०१९-२० च्या हिवाळ्यात फार जनावरे दगावली. चारा विकत आणावा लागतो. अशा वेळी चार पाहुणे आले तर चाऱ्याचे पैसे निघतात.

अशाच एका कुटुंबाकडे आम्ही अर्धा दिवस घालवला. घरची बाई रेनडियर पाळणाऱ्यांच्या घरातली, नवरा कळपामागे डोंगरात गेलेला. तिने आम्हाला शैवाकाची मूठ दिली आणि दोन माणसाळलेली जनावरे पुढे आणली. जनावराच्या कानाला सुरीने पाडलेल्या खाचा दाखवल्या. प्रत्येक मालकाची खाच वेगळी, आणि सराईत माणूस पळत्या कळपात ती लांबून ओळखतो. किती जनावरे आहेत हे मात्र विचारायचे नसते, हे मुलाने आधीच बजावले होते. ते बँकेचे पासबुक मागण्यासारखे आहे. मग कातडी अंथरलेल्या तंबूत शेकोटीभोवती बसून तिने सुक्या मांसाचा रस्सा वाढला, काळी कॉफी दिली आणि एक छोटे गाणे म्हटले. सामींचे गाणे एखाद्या माणसाविषयी, जनावराविषयी किंवा डोंगराविषयी असते, शब्द थोडे आणि सूर फिरता. ते आपल्या सासऱ्याचे गाणे आहे असे ती म्हणाली. मुलाने भ्रमणध्वनी वर धरला तेव्हा तिने हाताने खुणावले की नको. त्याने तो लगेच खिशात घातला.

तिचा हिशेब आम्हाला आवडला. एका वेळी आठ माणसे, जास्त नाहीत. मे महिन्यात पाडसे जन्मतात, तेव्हा पाहुणे बंद. कळप गोळा करून खाचा पाडण्याचे दिवस आले की पाहुणे बंद. सामी वर्षाचे आठ ऋतू मानतात, त्यांतले पाहुण्यांचे ऋतू तिने ठरवले आहेत. "कुत्र्यांच्या गाडीत बसायला मिळेल का?" असे तिला रोज विचारतात म्हणे. बर्फावर कुत्र्यांनी ओढायची गाडी ही या भागातल्या सामींची रीत नव्हे. ती पर्यटनाने आणली. शिवाय कुत्र्यांचा कळप भुंकत जंगलातून गेला की रेनडियर बिथरतात आणि चरणे सोडून पळतात. उलट रेनडियरने ओढायची घसरगाडी सामींची खरी, पण आज ती बहुतेक पाहुण्यांसाठीच उरली आहे. कळपामागे जाणारा गडी १९६० च्या दशकापासून मोटारस्लेजवर बसतो. हेही ती लपवत नाही. आम्ही संग्रहालयातले लोक नाही, असे ती म्हणाली.

सगळे गोड आहे असे समजू नये. इनारीच्याच हद्दीत दक्षिणेला सारिसेल्का नावाचे मोठे पर्यटन केंद्र आहे. हॉटेले, बर्फावरची घसरणी, आकाशातले उत्तरी प्रकाश पाहायला काचेच्या छपराच्या खोल्या. तिथल्या मोठ्या व्यवसायांपुढे आठ पाहुण्यांचा तंबू तो केवढा! आणि जमीन? सामींच्या प्रदेशातली नव्वद टक्क्यांच्या आसपास जमीन सरकारी वनखात्याच्या हाती आहे. २००० नंतरच्या दशकात याच इनारीत जुन्या जंगलांची तोड चालू होती. जुन्या झाडांवर दाढीसारखे लोंबणारे शैवाक असते. खालचा चारा गोठला की रेनडियर त्यावर हिवाळा काढतात. रेनडियर पाळणाऱ्यांनी आंदोलन केले, न्यायालयात गेले, संयुक्त राष्ट्रांपर्यंत तक्रारी नेल्या, तेव्हा कुठे काही जंगल वाचले. फिनलंडमधल्या सामींची स्वतःची निवडून दिलेली संसद आहे, १९९६ पासून, २१ सभासदांची. इनारीत 'सायोस' नावाच्या देखण्या इमारतीत ती २०१२ पासून भरते. भाषा आणि संस्कृती यांवर तिचा अधिकार चालतो, जमिनीवर नाही. आदिवासींच्या जमीन-हक्कांचा १६९ क्रमांकाचा आंतरराष्ट्रीय करार नॉर्वेने १९९० सालीच मान्य केला. फिनलंडने अजून केलेला नाही.

त्या संसदेने २०१८ साली सामी पर्यटनाची तत्त्वे जाहीर केली. त्यांचा रोख सरळ आहे. सामींविषयी सांगायचे ते सामींना विचारून सांगा. त्यांना जादूटोण्याचे किंवा लोप पावलेले लोक म्हणून दाखवू नका. पोशाख भाड्याने देऊ नका. माणसांचे, मुलांचे, अंगणांचे फोटो न विचारता काढू नका. कायद्याचे बळ या तत्त्वांना नाही. पाळणारा पाळतो. तरी लिहून ठेवलेले असले की बोट दाखवता येते.

इनारी सरोवरात उकोनसारी नावाचे एक बेट आहे, सामी त्याला 'आय्यिह' म्हणतात. पाण्यातून एकदम वर आलेला उंच खडक. पूर्वी मासेमार तिथे नैवेद्य ठेवीत. आर्थर इव्हान्स हा इंग्रज, जो पुढे क्रीट बेटावरच्या उत्खननाने प्रसिद्ध झाला, तरुणपणी तिथे गेला आणि एक चांदीचा दागिना उचलून घेऊन आला. पुढे पर्यटकांच्या बोटी त्या बेटाला लागू लागल्या आणि लोक माथ्यावर चढून फोटो काढू लागले. अलीकडच्या वर्षांत बोटी तिथे थांबवणे बंद केले आहे. बोट जवळून वळसा घालते, एवढेच. आमच्या शेजारच्या बाकावरचे एक गृहस्थ पैसे भरून उतरता येत नाही म्हणून कुरकुरत होते. आमचे मत विचाराल तर बेट पाण्यातूनच जास्त चांगले दिसते.

शेवटचे दोन दिवस आम्ही सेव्हेत्तीजार्वीला काढले. इनारीहून ईशान्येला सुमारे १२० किलोमीटर, रस्ता संपता संपत नाही. इथे राहतात ते स्कोल्ट सामी. त्यांचा मूळ मुलूख पेत्सामो. १९४४ साली तो रशियाकडे गेला आणि हे लोक फिनलंडच्या बाजूला आले. काही वर्षे इकडेतिकडे काढल्यावर १९४९ साली त्यांना या ओसाड भागात वसवले गेले. ते ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, त्यांची भाषा वेगळी, टोप्या वेगळ्या. झाडाच्या मुळ्यांपासून ते अशा घट्ट टोपल्या विणतात की हातात घेऊन पाहतच राहावे. गावात एक वारसाघर आहे, छोटेसे. आमच्याखेरीज त्या दिवशी तिथे कुणीच नव्हते.

इथले काम पाहायला पर्यटक फारसे येत नाहीत, पण आम्हाला ते सगळ्यांत मोलाचे वाटले. नाआतामो नदीत समुद्रातून सालमन मासा येतो. तिला मिळणाऱ्या एका ओढ्याचा तळ पूर्वी सरकारी खात्याने यंत्राने उकरून सरळ केला होता. पाणी वेगाने वाहू लागले, खडीचे थर वाहून गेले आणि मासे अंडी घालायचे थांबले. गेल्या काही वर्षांत स्कोल्ट मासेमारांनी अभ्यासकांना बरोबर घेऊन तो ओढा पुन्हा बांधायला घेतला. कुठे खडी हवी, कुठे मोठा दगड हवा, पाणी कुठे मंदावले पाहिजे, हे म्हाताऱ्या मासेमारांच्या आठवणींवरून ठरवले गेले.

गावातला एक मध्यमवयीन माणूस आम्हाला तिकडे घेऊन गेला. बर्चची पाने पाण्यावर तरंगत होती. ट्राउट माशाचे अंडी घालण्याचे दिवस होते, म्हणून त्याने आम्हाला काठापासून दहा पावलांवरच उभे केले. पाणी काचेसारखे होते. हाताने रचलेले दगड दिसत होते, मासे काही दिसले नाहीत. बायकांनी विचारले, आहेत ना पण? तो म्हणाला, आहेत, आणि सगळ्यांना मागे फिरायची खूण केली.